नव्वद गुणांचा खेळाडू

लष्करात नई सडकेवर राहणाऱ्या एका वाचक भगिनींनी पाठविलेले प्रश्न हे या वेळच्या लेखाचे निमित्त आहे. त्यांचा आठवीतला नातू संगणकावर बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळतो. परीक्षा संपताच तो म्हणाला, ‘‘आजी, माझा खेळाडू ब्याऐंशीचा झालाय. नव्वदचा करायचा तर थोडे पैसे लागतील. देशील?’’ गुण शाळेत मिळावयाचे, ते विकत कसे मिळतात, असे आजींना वाटले. हे ब्याऐंशी कोणी ठरविले, त्याचे नव्वद झाल्याने नेमके काय साधते, आणि त्यासाठी पैसे द्यावेत की न द्यावेत, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत. परप्रांतांत स्थायिक झालेल्या आपल्या पुष्कळ घरांतून आज हेच प्रश्न या ना त्या रूपाने उभे राहत असतील. म्हणून त्यांची उत्तरे थोड्या विस्ताराने देत आहे.

पडद्यावरचा नेम समजून घ्यावयाचा तर आधी मैदानावरचा नेम पाहिला पाहिजे. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि या खेळाला आरंभ झाला. टोपल्या गेल्या, त्यांच्या जागी लोखंडी कडे आले. पण दहा फुटांची उंची आजही कायम आहे. या कड्याचा आतील व्यास १८ इंच, आणि पुरुषांच्या चेंडूचा सुमारे साडेनऊ इंच. चेंडूच्या जवळजवळ दुप्पट जागा असताना तो आत का जाऊ नये, असे कोणालाही वाटेल. मेख अशी आहे की ही १८ इंचांची जागा केवळ सरळ वरून पडणाऱ्या चेंडूला मिळते. तो ४५ अंशांच्या कोनात उतरू लागला की त्याला कडे तिरपे दिसते आणि जागा पावणेतेरा इंचांच्या आसपास उरते. ३० अंशांवर तर ती ९ इंचच राहते. साडेनऊ इंचांचा चेंडू नऊ इंचांच्या जागेतून कड्याला न लागता कसा जाणार? म्हणूनच शिक्षक मुलांना सांगतात की चेंडू कड्याकडे न फेकता कड्याच्या वर फेका. गुडघे किंचित वाकवावेत, कोपर चेंडूखाली आणावे, आणि शेवटी मनगट पुढे मोडून बोटांच्या टोकांनी चेंडू सोडावा. बोटांनी सुटलेला चेंडू हवेत उलट्या दिशेने गिरकी घेत जातो. त्यामुळे कड्यावर वा फळीवर आपटला तरी त्याचा जोर मरतो आणि तो आत पडण्याची शक्यता वाढते.

आता पडद्याकडे वळू. घरच्या यंत्रांवर बास्केटबॉल फार लवकर आला. अटारी कंपनीचा या नावाचा खेळ १९७८ सालचा आहे. त्यात दोन ठिपकेवजा माणसे होती आणि दोघांत काही फरक नव्हता. १९८३ साली ज्युलियस अर्व्हिंग आणि लॅरी बर्ड या दोन नामवंत खेळाडूंना समोरासमोर उभे करणारा गेम निघाला, आणि त्यात बर्डला लांबून नेम धरण्यात व अर्व्हिंगला कड्यापाशी झेपावण्यात सरस करण्यात आले. संगणकाला माणसांमधला फरक कळत नाही, त्याला आकडे कळतात. म्हणून हा फरक आकड्यांत लिहावा लागला. आजच्या गेममधल्या गुणांचे मूळ हे असे आहे. १९९९ साली सुरू झालेली आणि दरवर्षी नव्या आवृत्तीने निघणारी ‘एनबीए टूके’ ही मालिका आज या प्रकारात सर्वांत प्रसिद्ध आहे. नई सडकेवरील नातू खेळतो तो गेम बहुधा तोच असावा.

या गेममध्ये नेम कसा धरतात? हातातल्या नियंत्रकावरचे एक बटण दाबून धरले की पडद्यावरचा खेळाडू उडी घेतो आणि त्याच्या शेजारी एक पट्टी भरू लागते. पट्टीवर एक छोटी जागा राखलेली असते. पट्टी नेमकी तेथे पोहोचताच बटण सोडले, तर नेम उत्तम साधला असे समजावयाचे. पडद्यावरचे चित्र सामान्यतः सेकंदाला साठ वेळा बदलते. तेव्हा राखलेली जागा अशा दोन चित्रांइतकी असेल, तर मुलाच्या बोटाला सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. ही जागा सर्वांसाठी सारखी नसते, आणि गुणांचे काम येथेच सुरू होते. लांबच्या नेमाचे गुण अधिक असलेल्या खेळाडूला ती रुंद मिळते, कमी गुणांच्या खेळाडूला अरुंद. प्रतिस्पर्धी हात वर करून समोर आला की ती आकसते. खेळाडू पळून दमला असला तरी आकसते.

आपल्या ग्वाल्हेरच्या वाचकांना हे समेच्या दृष्टान्ताने चटकन उमगेल. ठेका चालू असतो, गायक तानेतून फिरत असतो, आणि त्याने नेमका समेवर यावयाचे असते. जरा अलीकडे नाही, जरा पलीकडे नाही. बटण सोडण्याचे कसब काहीसे असेच आहे, आणि ते सरावाने येते हेही खरे. एक फरक मात्र आहे. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी येथे शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तेव्हापासून त्या परंपरेत शिकलेल्या कोणाही विद्यार्थ्यासाठी तबल्याने सम रुंद करून दिलेली नाही. विद्यार्थी नवखा असो वा तयारीचा, सम सर्वांना एकच. गेममध्ये मात्र ज्याच्या खात्यावर गुण अधिक, त्याची सम रुंद होते.

बटण नेमक्या जागी सुटले नाही तर काय होते? तेव्हा संगणक मनातल्या मनात फासा टाकतो. खेळाडूचे गुण, कड्यापासूनचे अंतर, समोरचा अडथळा, दमणूक, बटण किती आधी वा उशिरा सुटले, या सर्वांचा मेळ घालून तो यशाची एक शक्यता ठरवितो. समजा, शंभरात चाळीस. मग एक यादृच्छिक संख्या काढून चेंडू आत जाणार की नाही याचा निकाल लावतो. म्हणून ‘ऐंशी गुणांचा नेमबाज’ याचा अर्थ शंभरातले ऐंशी नेम साधणारा असा होत नाही. प्रत्यक्ष खेळातही तीन गुणांच्या रेषेबाहेरून शंभरात चाळीस नेम साधणारा खेळाडू पहिल्या प्रतीचा समजला जातो. स्टीफन करी याच्यासारख्या अद्वितीय नेमबाजाची आजवरची सरासरीही बेचाळीसच्या आसपास आहे. गेममधले गुण हे परीक्षेतल्या टक्क्यांसारखे दिसतात खरे, परंतु ती केवळ संगणकाच्या उपयोगाची एक मोजपट्टी आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अशा बहुतेक गेममध्ये बटण सुटताक्षणीच निकाल ठरून जातो, आणि त्या निकालाला शोभेल असा चेंडूचा मार्ग मागाहून रेखाटला जातो. कड्यावर दोनदा उसळून, रेंगाळून बाहेर पडणारा चेंडू पाहताना मुलाचा जीव टांगणीला लागतो; पण तो चेंडू हवेत होता तेव्हाच त्याचे भवितव्य लिहून झालेले असते. मैदानावर याच्या नेमके उलट घडते. तेथे चेंडूचा मार्ग आधी असतो, कोन, वेग व गिरकी या तिघांच्या मेळातून तो ठरतो, आणि निकाल शेवटी लागतो.

निकाल आपल्याच हाती असल्यामुळे गेम रचणारे लोक आपल्या आवडीनिवडी व समजुतीही त्यात घालू शकतात. १९९३ साली गाजलेल्या ‘एनबीए जॅम’ या गेममध्ये एकाच खेळाडूने लागोपाठ तीन बास्केट केल्या की तो ‘पेटला’ असे मानले जाई, चेंडूला ज्वाळा लागत आणि त्याचे पुढचे नेम अधिक साधत. याच गेमचा रचनाकार मार्क टर्मेल हा डेट्रॉइटच्या संघाचा चाहता होता. शिकागोचा संघ डेट्रॉइटशी खेळत असेल, तर अटीतटीच्या अखेरच्या क्षणी शिकागोचे नेम चुकावेत, अशी तजवीज आपण गुपचूप केली होती, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले. आता, प्रत्यक्षात खेळाडूचा हात असा ‘पेटतो’ का? थॉमस गिलोविच, रॉबर्ट वॅलोन आणि अमोस ट्‌वेर्स्की या तिघांनी १९८५ साली प्रत्यक्ष नेमांच्या नोंदी तपासून असा काही पुरावा आढळत नाही, असे म्हटले. २०१८ साली मिलर व सान्हुर्हो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्या मोजणीच्या रीतीतच एक सूक्ष्म दोष होता हे दाखवून वाद पुन्हा उघडला. ज्या प्रश्नावर विद्वानांत तीस वर्षांहून अधिक काळ खल झाला, तो गेमने एका ओळीच्या नियमात मिटवून टाकला होता. पडद्यावरचे नियम निसर्गाचे नसतात, कोणीतरी बसून ते लिहिलेले असतात, एवढे मुलांना समजले तरी पुष्कळ झाले.

आता आजींचा पहिला प्रश्न : गुण कोण ठरवितो? खऱ्या खेळाडूंच्या बाबतीत कंपनीची माणसे मागील हंगामांतील नोंदी घेतात. जवळून, मध्यम अंतरावरून व लांबून किती नेम साधले, फ्री थ्रो किती, चेंडू किती वेळा गमावला, किती अडविला. त्यांवरून प्रत्येक कौशल्याला वेगळे गुण देतात. जे नोंदींत सापडत नाही, ते सामने पाहून अंदाजाने ठरवितात, आणि हंगाम चालू असताना बदलतातही. या सर्वांतून शेवटी जो एकच मोठा आकडा काढतात, तो साधी सरासरी नसते. कड्याखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या बाबतीत ताकद व उसळता चेंडू पकडणे यांना वजन अधिक, तर चेंडू खेळविणाऱ्या चपळ खेळाडूच्या बाबतीत वेग व पास देण्याचे कसब यांना. ही वजने बदलली की तोच माणूस ब्याऐंशीचा सत्त्याऐंशी होतो. आपले गुण कमी दिले म्हणून खरे खेळाडूही दरवर्षी जाहीर कुरकुर करतात, यात नवल नाही.

एकच माणूस आणि त्याचा आकडा यांचे नाते किती सैल असते, याचे उत्तम उदाहरण विल्ट चेंबरलेन याचे आहे. सात फूट उंचीचा हा बलाढ्य खेळाडू फ्री थ्रोमध्ये मात्र दुबळा होता. फ्री थ्रो म्हणजे फळीपासून १५ फुटांवर उभे राहून, कोणाच्याही अडथळ्याविना धरावयाचा नेम. १९६१-६२ च्या हंगामात त्याने दोन्ही हातांनी, गुडघ्यांपाशी चेंडू धरून, खालून वर फेकण्याची जुनी रीत अंगीकारली आणि त्याचे यश शंभरात एकसष्टपर्यंत चढले. त्याच हंगामात २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात १०० गुण केले, तेव्हा ३२ फ्री थ्रोंपैकी २८ साधले होते. परंतु ही रीत बायकी दिसते, लोक हसतात, म्हणून त्याने ती टाकून दिली, असे त्याने पुढे आत्मचरित्रात कबूल केले. १९६७-६८ मध्ये त्याचे यश शंभरात अडतीसवर आले होते. पुढे रिक बॅरी या खेळाडूने लोकांच्या हसण्याची पर्वा न करता तीच रीत चालविली आणि शंभरात नव्वदच्या आसपास नेम साधले. चेंबरलेनचे हात तेच होते, कडेही तेच होते. एकसष्ट व अडतीस यांतले अंतर रीतीचे होते आणि ती निभावण्याच्या धैर्याचे होते. गुणांच्या कोष्टकात धैर्याला रकाना नसतो.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. मुंबईत जन्मलेले आणि अमेरिकेत संगणकव्यवसायात नाव मिळविलेले विवेक रणदिवे यांनी २०१३ साली सॅक्रामेंटो किंग्ज या संघाची मालकी मिळविली. त्यांचाच संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध मुंबईत वरळी येथे दोन सामने खेळला, आणि एनबीएचे सामने भारतात प्रथमच झाले. परंतु सांगावयाची गोष्ट त्याआधीची आहे. स्वतः कधी बास्केटबॉल न खेळलेल्या रणदिव्यांनी आपल्या लेकीच्या, बारा वर्षांच्या मुलींच्या संघाचे शिक्षकपद पत्करले होते. मुलींना नेम येत नव्हता, चेंडू खेळविणेही बेताचेच. त्यांनी ठरविले की प्रतिपक्षाला आरामात पुढे येऊच द्यावयाचे नाही. संपूर्ण मैदानभर, पहिल्या पासपासूनच अडवावयाचे. त्यासाठी कौशल्यापेक्षा दम आणि चिकाटी लागते, आणि ती मुलींजवळ होती. हा संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोहोचला. माल्कम ग्लॅडवेल या लेखकाने २००९ साली ही हकीकत लिहिली, तेव्हा तिची बरीच चर्चा झाली. गेमच्या कोष्टकात या मुलींना फार तर पन्नास गुण पडले असते.

आता पैशाचा मुद्दा. नातवाचा ‘ब्याऐंशी’ हा कोणी खरा खेळाडू नसून त्याने स्वतः घडविलेला काल्पनिक खेळाडू आहे. अलीकडच्या आवृत्त्यांत असा खेळाडू साठच्या आसपास सुरुवात करतो. त्याचे गुण वाढवावयाचे तर गेममधले चलन खर्च करावे लागते. हे चलन पुष्कळ तास खेळून मिळते, किंवा खरे पैसे देऊन एका क्षणात विकत घेता येते. साठाची सम अरुंद असते हे वर आलेच आहे. मूल चुकते, हिरमुसते, मित्रांकडून हरते. आणि दुकान तर त्याच पडद्यावर, एका बटणाच्या अंतरावर उघडे असते. अरुंद समेचे दुःख आणि रुंद समेची विक्री एकाच घरातून होते, हे वडीलधाऱ्यांनी ओळखले पाहिजे. शिवाय नव्या वर्षी नवी आवृत्ती येते, आणि विकत घेतलेले गुण साधारणतः जुन्या आवृत्तीतच राहून जातात. गतवर्षीचा नव्वद यंदा पुन्हा साठ.

याच गेमच्या दुसऱ्या एका भागात खेळाडूंच्या चित्रांची बंद पाकिटे मिळतात. आत कोण निघेल हे घेणाऱ्यास आधी ठाऊक नसते. गेममधल्या अशा बंद पाकिटांची पैसे घेऊन होणारी विक्री हा जुगार होय, असा निर्णय बेल्जियमच्या नियामकांनी २०१८ साली दिला. आपल्या संसदेनेही पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. परंतु गुण विकत घेण्यात जिंकावयाचे काही नसते, केवळ द्यावयाचे असते. तेव्हा कायद्याकडे बोट दाखवून घरातल्या माणसांना मोकळे होता येणार नाही.

याचा अर्थ गेम वाईट, तो बंद करा, असा मात्र कोणी घेऊ नये. हा गेम खेळणाऱ्या मुलाला संघाची रचना कळते, कोणाला चेंडू द्यावा आणि मोकळी जागा कशी शोधावी हे कळते, हरणेही अंगवळणी पडते. माझी चिंता वेगळी आहे. आपली मुले आधीच आकड्यांत वाढत आहेत. शाळेचे टक्के, प्रवेशपरीक्षेचे क्रमांक, शेजारच्या मुलाचे टक्के. त्यांत भर म्हणून, माणसाच्या कपाळी आधी आकडा लिहिलेला असतो, कसब त्या आकड्यामागून येते आणि आकडा पैशाने वाढतो, अशी समजूत नकळत मनात रुजली, तर ती काढणे कठीण जाते. मैदानावर चेंडू आधी फेकावा लागतो. आकडा मागाहून, कोणीतरी मोजला तर, मिळतो.

आजींना माझे उत्तर असे. गुणांसाठी पैसे देऊ नयेत. नकार देताना मात्र नातवाला जवळ बसवून ही पट्टी, हा फासा आणि हे दुकान त्याच्याच तोंडून समजावून घ्यावे. मुलांना आजीला शिकविणे फार आवडते, आणि सांगता सांगता त्याचे त्यालाच पुष्कळ उमगेल. पैशाच्या व्यवहाराला परवलीचा शब्द घालावा आणि तो मोठ्यांपाशीच असू द्यावा. त्याच पैशांतून एक चेंडू आणावा. ग्वाल्हेर हे शारीरिक शिक्षणाचे गाव आहे. लक्ष्मीबाईंच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय येथे १९५७ पासून आहे, पुढे त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेव्हा बास्केटबॉल जाणणारी माणसे आणि शाळेचे एखादे कोर्ट शोधणे येथे अवघड जाऊ नये.

मग नातवाने आठवड्यातून एकदा शंभर फ्री थ्रो फेकावेत आणि वहीत आकडा मांडावा. पहिल्या दिवशी तो वीस निघेल, कदाचित पंधरा. पुढे पन्नासच्या आसपास गेल्यावर एका आठवड्यात पंचेचाळीस आणि दुसऱ्यात पंचावन्न आले, तर हुरळू नये आणि खचूही नये. शंभर फेकींत एवढा चढउतार निव्वळ योगायोगाने होत असतो. दोन-तीन महिन्यांची पाने एकत्र पाहावीत. तेथे जो आकडा हळूहळू वर सरकताना दिसेल, तो त्याचा स्वतःचा असेल, आणि नवी आवृत्ती निघाली म्हणून तो पुसला जाणार नाही. वहीतले आकडे मांडण्याचे काम आजींनी अंगावर घेतले, तर ते अधिक नेमाने होईल.